अकरा महिन्यांची लेक आत्याच्या हातखुणा शिकतेय, बोलणं मागं पडेल का?

वेचणीवाली_वर्धा

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, आमची अकरा महिन्यांची छकुली आणि माझी नणंद. नणंद माझ्याहून थोडी लहान. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत होती, चौथीनंतर घरी आणली ती आणलीच. ओठांवरून थोडंफार ओळखते, स्वतःचं नाव आणि आकडे लिहिते, शाळेतल्या एका मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. बाकी सगळं हातानं. घरात तिच्याशी धड बोलता येतं ते मलाच, तेही लग्न झाल्यावर चुलीजवळ बसून तिच्याकडूनच शिकले म्हणून.

यंदा सीतादही (वेचणीआधी वावरात करतात ती पूजा) करून कापसाची वेचणी लागली आणि आम्ही सगळे वावरात. तेव्हापासून छकुली दिवसभर आत्याजवळ असते. भरवणं, झोपवणं, न्हाऊ घालणं सगळं तीच करते. मला तिच्यावर कधी शंका आली नाही.

दिवाळी झाल्यावर काही दिवसांनी मी सांजच्याला घरी आले, हातपाय धुतले आणि छकुलीला वरणभात भरवायला बसले. एक घास गिळून झाला की ही उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर आपटायची आणि माझ्याकडं बघायची. मला आधी वाटलं खेळतेय. मग लक्षात आलं, नणंद 'आणखी' म्हणायला हेच करते. मी घास दिला तर थांबली. परत गिळला, परत आपटलं. पोट भरल्यावर दोन्ही पंजे उघडून बाहेर फिरवले, म्हणजे 'संपलं'. ही सुद्धा आत्याचीच खूण.

त्यानंतर मी नीट बघायला लागले. शेळी दिसली की हनुवटी ओढते. पाण्यासाठी अंगठा तोंडाकडं नेते. सासऱ्यांसाठी डोक्याभोवती हात फिरवायचा प्रयत्न करते, कारण ते दुपट्टा बांधतात, पण तिचा हात कानापर्यंतच पोचतो. आणि एका रात्री लाइन गेली, घरात अंधार झाला. मी टॉर्च लावला तर ही बल्बकडं बघून दोन्ही पंजे फिरवत होती. संपलं! हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं. जेवणाची खूण तिनं स्वतःच्या मनानं उजेडाला लावली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना उठवून सांगितलं.

आणि तिथूनच अडचण सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुकीजवळ राहून पोट्टी बी मुकीच होईन वं माय. हातानंच भागलं तर तोंड कायले उघडन?" सासूबाईंनी ते मनावर घेतलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी स्वतःच्या लेकीला घेऊन किती दवाखाने केले, किती नवस केले ते मी ऐकलंय. नातीच्या बाबतीत पुन्हा तेच होईल या भीतीनं त्या रात्री झोपत नाहीत. आता त्या नणंदेचे हात धरतात, "पोरीसमोर करू नको" म्हणून. नणंदेला काही कळत नाही की आपलं काय चुकलं. यांचं म्हणणं, काही दिवस छकुलीला वावरात घेऊन जाऊ, धुऱ्यावर झोळी बांधू.

बोलण्याचं विचाराल तर बाबाबा, मामामा, दादा असं सलग चालू असतं. मांजर दिसलं की काहीतरी 'याव' म्हणते. हाक मारली की वळते, असं मला वाटतं. अजून स्पष्ट शब्द नाही. सासू-सासरे नात्यातले आहेत, आते-मामे. आम्ही दोघं नात्यातले नाही.

मला विचारायचंय ते एवढंच. खुणांमुळं बोलणं खरंच उशिरा येतं का? दोघींना वेगळं करावं का? मला करायचं नाही, पण लेकीचं नुकसानही करायचं नाही. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

---

नागपूरची_आई

तुमची पोस्ट वाचून काटा आला अंगावर. बल्बची गोष्ट तर मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.

मी माझ्या मुलाला मुद्दाम खुणा शिकवल्या होत्या. आमच्या घरी सगळ्यांना ऐकू येतं. अमेरिकेत अ‍ॅक्रेडोलो आणि गुडविन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून ऐकू येणाऱ्या बाळांच्या खुणांवर काम केलं आणि तिथून ही 'बेबी साइन'ची पद्धत सगळीकडं पसरली. बाळाची जीभ, ओठ, श्वास हे सगळं एकत्र जुळून यायला वेळ लागतो, हात त्याच्या आधी ताब्यात येतो. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल 'आणखी', 'दूध', 'नको' हातानं सांगू शकतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. खुणा शिकवल्या की मूल हुशार होतं, लवकर बोलतं असे दावे शिकवणीवाले करतात. त्याला भक्कम आधार नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खुणा शिकवलेली आणि न शिकवलेली बाळं भाषेत सारखीच निघाली. पुढंही नाहीत, मागंही नाहीत. फरक दिसला तो आयांमध्ये. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या बारीकसारीक हालचालींना जास्त प्रतिसाद देत होत्या.

म्हणजे तुमच्या सासूबाईंना सांगायला एवढं पुरे आहे की मागं पडत नाही. माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि दिवसभर तोंड बंद नसतं.

---

अंगणवाडी_सेविका_यवतमाळ

ताई, राग मानू नका. खुणांचं मला फार कळत नाही, पण दुसरी एक गोष्ट विचारायची आहे. घरात दुसरं कुणी नसताना लेकरू रडलं, पडलं, घशात काही अडकलं तर आत्याला कळणार कसं? आमच्या गावात हरभरा घशात अडकून एक लेकरू दगावता दगावता वाचलं, म्हणून विचारते. तुरीच्या शेंगा, दाणे, बोरं आता घरोघरी पडलेली असतात.

---

वेचणीवाली_वर्धा

राग कशाचा, बरोबर विचारलंत. नणंद तिला नजरेआड करतच नाही. आपण भांडी घासताना कान बाळाकडं ठेवतो, ती बाळाला समोर बसवून भांडी घासते. दुपारी झोपताना पाळण्याची दोरी स्वतःच्या मनगटाला बांधते, छकुली हलली की हिला जाग येते. रात्री छकुली माझ्याजवळ असते. आणि दाणे, बोरं वर ठेवायची सवय तिनंच आम्हाला लावली, माझ्याहून ती कडक आहे.

---

निवृत्त_विशेष_शिक्षक

ताई, माझी सगळी नोकरी अमरावती-अकोल्याकडं बहिऱ्या मुलांना शिकवण्यात गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. खुणांमुळं ऐकू येणाऱ्या बाळाचं बोलणं मागं पडत नाही. तुमच्या घरात बोलणारी चार माणसं आहेत. तिच्या कानावर दिवसरात्र मराठी पडतेय. ती दोन भाषा एकदम शिकतेय. आपल्याकडं गोंडी आणि मराठी, किंवा हिंदी आणि मराठी एकाच घरात बोलणारी मुलं थोडी आहेत का? त्यातली एक तोंडाची आणि एक हाताची, एवढाच फरक.

एक गोष्ट तपासून बघा. छकुली आत्याशी बोलताना हात जास्त वापरते आणि तुमच्याशी आवाज जास्त काढते का? अशा घरांतली मुलं समोरच्या माणसाप्रमाणं भाषा निवडतात, फार लवकर निवडतात. हे दिसलं तर सासूबाईंना जवळ बसवून दाखवा. माझ्या शंभर शब्दांपेक्षा ते त्यांना पटेल.

आता दुसरं, आणि हे टाळू नका. तुम्ही लिहिलंय, हाक मारली की वळते 'असं मला वाटतं'. आत्या जन्मापासून बहिरी आणि आजी-आजोबा आते-मामे. लहान मुलांचा कायमचा बहिरेपणा घरात कुणाला असेल तर त्या घरातल्या बाळाचे कान आवर्जून तपासायचे असतात. आनुवंशिक बहिरेपणात बहुतेक वेळा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते. तुम्ही दोघं नात्यातले नाहीत, म्हणजे धोका कमी आहे. पण 'वाटतं' यावर थांबायचं नाही.

घरी एवढं करा. ती खेळात असताना मागून, तिला दिसणार नाही असं उभं राहून हळू हाक मारा. पाय आपटू नका, जमीन हादरली की बहिरं मूलही वळतं. सावली पडू देऊ नका, दारातून वारा येईल असं काही करू नका. मी अशी किती तरी मुलं पाहिली, ज्यांना 'ऐकू येतं' असं आई-बाप शपथेवर सांगायचे, आणि ते मूल भांडं पडल्याचा हादरा ओळखत असायचं. बाबाबा-मामामा सलग येतंय ही चांगली खूण आहे. न ऐकणारी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात, पण एकच अक्षर पुन्हापुन्हा जोडलेली अशी साखळी त्यांच्यात उशिरा येते किंवा येतच नाही.

पण घरची परीक्षा म्हणजे तपासणी नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं मुलं तपासणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सेविकेला सांगा, आत्याचा इतिहास नोंदवायला लावा आणि जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथं बाळाच्या कानात छोटी बोंडी घालून एक तपासणी होते, तिला ओएई म्हणतात. दुखत नाही, बाळ झोपलेलं असलं की काही मिनिटांत होते. शंका आली तर बेरा करतात, त्यात कपाळाला आणि कानामागं तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. बाळाला दूध पाजून, झोपेच्या वेळी न्या, नाहीतर जागं बाळ घेऊन दिवसभर बाकावर बसावं लागतं. आणि पहिल्या तपासणीत पास झाली तरी दीड-दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवा, काही बहिरेपणा जन्मानंतर हळूहळू येतो. वर्ष-सव्वा वर्षात पहिला शब्द, दोन वर्षांत 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी, हा साधारण हिशोब. दीड वर्षात एकही शब्द नसेल तर पुन्हा कान तपासायचे, खुणांवर खापर फोडत बसायचं नाही.

आता तुमच्या नणंदेबद्दल. ती जे करतेय ते मला तुमच्या लिहिण्यातूनच दिसलं. बाळ बघेपर्यंत ती थांबते ना? खूण मोठी आणि सावकाश करते, बाळाच्या नजरेसमोर आणून करते, कधी बाळाच्याच अंगावर करते? बहिऱ्या आया आपल्या बाळांशी अशाच बोलतात. १९९१ साली पेटिटो आणि मॅरेंटेट या संशोधकांनी दाखवलं की ज्या बहिऱ्या बाळांचे आई-बाप खुणांची भाषा बोलतात, ती बाळं हातानं बडबडतात. आपली बाळं जशी बाबाबा करतात तशी त्यांची बोटं करतात. म्हणजे मेंदूला भाषा हवी असते, ती कानातून येते की डोळ्यांतून याचं त्याला फारसं काही नाही.

बहिऱ्या मुलांपैकी फार मोठा वाटा ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी येतो. त्यांच्या घरात खुणा बोलणारं कुणी नसतं. तीन-तीन, चार-चार वर्षं ती मुलं भाषेशिवाय काढतात आणि मग शाळेत येतात. पाणी हवं हे कळतं, पण 'काल' नाही, 'का' नाही, स्वतःला नाव आहे हे माहीत नाही. ते नुकसान नंतर पूर्ण भरून निघत नाही, मी करून पाहिलंय. तुमच्या घरी नेमकं उलटं आहे. उद्या देव न करो आणि छकुलीच्या कानात काही निघालं, तरी तिची भाषा आधीच सुरू झालेली आहे. श्रवणयंत्र लागो, शस्त्रक्रिया होवो, ती वेळ रिकामी जाणार नाही. म्हणून त्या बाईचे हात धरू नका. कृपा करून धरू नका.

'खुणा केल्या तर तोंड उघडणार नाही' ही भीती तुमच्या काकूंची नाही, ती जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. १८८० साली इटलीत मिलान इथं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथं ठरलं की शाळांतून खुणा बंद, फक्त तोंडी बोलणं. जगभर तेच चाललं. आपल्याकडंही वर्गात हात बांधून बसवायचे आणि मुलं रात्री वसतिगृहात दिव्याखाली मनसोक्त बोलायची. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. तुमच्या नणंदेची भाषा बहुतेक त्या वसतिगृहातलीच असणार, पुढं घरच्या खुणांची भर पडलेली.

तिला आणखी भाषा मिळवून द्या. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांनी केलेला शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, 'साइन लर्न' नावाचं ॲपही आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी खास सांकेतिक भाषेची आहे. नणंदेच्या हातात फोन द्या आणि तिलाच शिकवू द्या, तुम्ही सगळे समोर बसा.

---

वेचणीवाली_वर्धा

सर, तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मध्येच उठून आत गेल्या. थोड्या वेळानं येऊन म्हणाल्या, "नाव माहीत नसते म्हन्ते ते, आपल्या पोरीचं बी तसंच होतं. शाळेत गेली तवाच तिले समजलं का आपलं नाव हाये." मला हे माहीत नव्हतं.

आत्याशी हात आणि माझ्याशी आवाज, हे खरंय. मी दोन दिवस बघितलं. आत्याला बोलवायचं असलं की छकुली रांगत जाऊन तिच्या मांडीवर थापट्या मारते आणि ती बघेपर्यंत थांबते. मला बोलवायचं असलं की जागेवरून ओरडते. एकदा मी आणि आत्या शेजारी बसलो होतो तर तिनं आत्याला थापटी मारली आणि मान माझ्याकडं वळवून 'मामा' म्हटलं. यांनीही ते पाहिलं.

---

गोसेखुर्दकर

माझे आई-वडील दोघंही बहिरे. आम्ही भंडारा जिल्ह्यातले. वडील शिंपीकाम करायचे, आई धानाच्या रोवणीला जायची. मी आणि बहीण दोघंही ऐकतो, बोलतो, माझं शिक्षण बीएससीपर्यंत झालंय. मी बोलायला कधी लागलो ते सांगणारं घरात कुणी नव्हतं, पण शेजारची आजी म्हणायची, दीड वर्षात झाडीबोलीत शिव्या देत होतास. त्या आजीच्या ओट्यावर मी निम्मा दिवस असायचो. माझी मराठी तिची. तुमच्या घरी तर बोलणारी माणसं घरातच आहेत.

मनगटाला दोरी बांधायचं वाचून मी थबकलो. माझी आई पायाच्या अंगठ्याला बांधायची.

मला वेगळंच सांगायचंय. छकुली तीन-चार वर्षांची झाली की दोन्हीकडं पटापट बोलेल. तेव्हा घरातल्या सगळ्यांना सोयीचं वाटेल की आत्याला काही सांगायचं असलं की छकुलीला पुढं करायचं. "जा, आत्याले सांग." किराणावाला आला, पाहुणे आले, दवाखान्यात गेले, पोरगी सांगेल. मी दुसरी-तिसरीत असताना बँकेच्या काउंटरवर टाचा उंच करून उभा राहायचो आणि वडिलांचे व्यवहार समजावून सांगायचो. वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईला हातानं सांगणारा मीच होतो. ते शब्द एका लेकराच्या हातून जायला नको होते. त्या दिवसानंतर बरेच महिने मी आईशी गरजेपुरतंच बोललो, कारण हात उचलले की तेच आठवायचं.

म्हणून छकुली शिकतेय हे चांगलंच आहे, पण तिच्या आधी घरातल्या मोठ्यांनी शिकलं पाहिजे. तुमच्या सासऱ्यांनी, नवऱ्यानं. त्यांची तर सख्खी बहीण आहे. इतकी वर्षं एका घरात राहून बहिणीशी चार खुणांपलीकडं बोलता येत नाही, हे त्यांना एकदा विचारा. भांडायला नाही, खरंच विचारा. माझ्या आईचे भाऊ अजूनही तिच्याशी फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलतात, आणि ती दरवर्षी राखी घेऊन जाते.

---

अंगणवाडी_सेविका_यवतमाळ

हे वाचून आमच्या गावातली एक मुलगी आठवली. तिची आई म्हणते, बोलेल, तिचा बापही उशिरा बोलला होता. दोन वर्षं होत आली. पुढच्या पथकाची वाट बघत नाही, उद्याच घरी जाते आणि चिठ्ठीसाठी बोलते. सर, खुणांचं घरात कुणालाच काही येत नसेल तर सुरुवात कुठून करायची?

---

निवृत्त_विशेष_शिक्षक

तपासणी आधी, ताई. पण निकालाची वाट बघत हात बांधून बसू नका. जे तिच्यासमोर रोज घडतं तिथून सुरू करा: खाणं, पिणं, झोप, चला, आणखी, संपलं, आई, बाबा. खाण्याला बोटं जुळवून तोंडाकडं, झोपेला तळव्यावर गाल, चांगल्याला अंगठा वर, वाईटाला करंगळी. या खुणा आपल्या देशातल्या बहिऱ्यांच्याच आहेत. आईला सांगा, आधी मुलीची नजर मिळवायची, मग खूण, मग ती वस्तू किंवा ते काम. घास दाखवून हात गुंतलेला असताना खूण केली तर मूल घासाकडं बघतं. आणि तोंडानंही बोलत राहायचं, चेहरा उजेडात ठेवून. चेहरा सपाट ठेवून नुसते हात हलवले तर अर्धी भाषा गेली. प्रश्न आहे की सांगणं आहे, हे भुवयांवरून कळतं.

तालुक्याला कुणी बहिरं दांपत्य असेल तर त्यांना गाठा. त्यांच्या ओसरीवर एक दुपार बसलं तर व्हिडिओपेक्षा जास्त मिळेल.

---

वेचणीवाली_वर्धा

उशिरा लिहितेय, तूर काढणीत अडकले होते.

तपासणी झाली. दोन्ही कान पास. छकुली टेबलावर झोपेतच होती, बोंडी घातली तेव्हा फक्त नाक चोळलं. तरी काही महिन्यांनी पुन्हा आणायला सांगितलंय, घरातला इतिहास म्हणून. सासूबाई निकाल ऐकून तिथंच बाकावर बसून रडल्या. नणंद सोबत होती. तिला मी सांगितलं, कान चांगले. तिनं दोनदा विचारून खात्री केली, मग छकुलीला माझ्याकडून घेतलं आणि बसस्टँडपर्यंत कुणाला दिलं नाही.

छकुलीचा पहिला शब्द आला, 'चाय'. सकाळी सासऱ्यांच्या बशीकडं बघून. बशी धरल्याची खूण आणि तोंडानं 'चाय', दोन्ही एकदम. शेजारच्या काकू तेव्हा समोरच होत्या. त्यांचं मत काही बदललं नाही, "एवढ्यानं काय होते" म्हणाल्या, पण आता सासूबाई त्यांना उत्तर देतात.

गोसेखुर्दकर दादा, तुमची पोस्ट मी यांना दिली आणि काही बोलले नाही. ते बराच वेळ फोन घेऊन अंगणात बसून होते. आता जेवण झाल्यावर नणंद शब्दकोशाचा एक एक व्हिडिओ लावते आणि आम्ही चौघं करतो. घरच्या गोष्टींना ती स्वतःचीच खूण ठेवते. शेळी, दुपट्टा, लाइन, यात ती ॲपचं ऐकत नाही, मान हलवून आमची बोटं सरळ करते. पण वार, महिने, पुढचा आठवडा, गेलं वर्ष, हे तिनं भराभर घेतलं. शाळेत शिकलेलं विसरलं होतं, कारण घरी ते कुणी वापरतच नव्हतं. परवा तिनं यांना विचारलं, माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात लग्न करतेय, मला नेशील का? सगळं हातानं, नीट. यांना पहिल्यांदा समजलं नाही, दुसऱ्यांदा समजलं. नेणार आहेत.

सासरे अजून लाजतात. 'चहा' आणि 'झोप' एवढंच करतात.

दादा, एक विचारायचं होतं. तुमच्या आई व्हिडिओ कॉलवर बोलतात का? नणंदेला एका मैत्रिणीशिवाय बोलायला कुणी नाही. वयानं मोठी, लेकरं वाढवलेली बहिरी बाई तिनं पाहिलेलीच नाही. तिला खूप काही विचारायचंय, मी विचारलं तर म्हणते, तुला नाही, त्यांना विचारीन.

---

गोसेखुर्दकर

आईला आत्ताच विचारलं. रविवारी दुपारी बारानंतर करा म्हणते, तेव्हा घरात उजेड चांगला असतो. नंबर तुम्हाला खाजगी संदेशात पाठवतो. फोन उभा टेकवून ठेवायला सांगा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, आणि छकुलीलाही मांडीवर घेऊन बसायला सांगा, आईला ती बघायची आहे.